पेटी घरी गेली

"पेट्या पण उचला गं. इथं काही ठेवायचं नाही," नाकावर नीलगिरीचा रुमाल बांधून सगुणाबाई मुलींच्या निजायच्या हॉलच्या दारातून ओरडत होती.

२००९चा ऑगस्ट. स्वाइन फ्लू पुण्याहून नाशकात पोचला होता आणि सुरगाण्याच्या डोंगरातली ही मुलींची आश्रमशाळाही आठ दिवस बंद ठेवायचा हुकूम आला होता. इथे कोणाला साधी शिंक आली नव्हती, पण हुकमाला शिंक कुठे लागते? मुख्याध्यापक म्हणाले, मुलींना घरी पाठवा आणि हॉलमध्ये फवारणी करून घ्या. पेट्यांचं ते काही बोलले नव्हते. ती सगुणाबाईची अक्कल. वीस वर्षं ती इथे कामाठी होती. भाकऱ्या थापणं, झाडलोट, ताप आलेल्या पोरींच्या उशाशी बसणं, सगळं तिच्याकडे. पोरींच्या पेट्यांतल्या कपड्यांवर ते जहरी औषध उडू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

दहावीतली ललिता तेवढी अडून बसली.

"मावशी, माझी राहू दे ना. दिवाळीत पण आपण पेट्या नेत नाही."

"दिवाळीत रोग नसतो. उचल."

ललिताने पेटी डोक्यावर घेतली. तिच्या पाड्यावरून आजवर कोणी दहावीला बसलं नव्हतं. ही पहिली बसणार, हे सगुणाबाई येईल त्याला सांगायची, जणू पोटची पोर.

आठाचे पंधरा दिवस झाले. शाळा उघडली, मुली एकेक करून परतल्या. ललिता आली नाही. सगुणाबाईने दोनदा निरोप धाडला. तिसऱ्या आठवड्यात ललिताचा बाप बुधा आला, एकटाच. तीन तास चालून आला होता. काखेतला गठ्ठा त्याने पायरीवर ठेवून सोडला. दहावीची पुस्तकं होती.

"सरकारची हायेत. मोजून घ्या."

"आणि ललिता?"

बुधा गोंधळला. "तिचं लगीन लावलं ना, बाई. सोयरीक आलेलीच व्हती. मोठीला चौथीतून काढली, तवा बी तिची पेटीच घरी आली. पेटी आली म्हंजे शाळा संपली."

"पोरीनं सांगितलं नाही?"

"सांगत व्हती. रडत बी व्हती. मला वाटलं, नापास झाली, लाजेनं खोटं बोलती."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याला चहा दिला. तो पिऊन, कप विसळून ठेवून, बुधा निघून गेला.

मुख्याध्यापक वयाबद्दल, कायद्याबद्दल दोन वाक्यं बोलले. मग त्यांनी गठ्ठ्यातलं गणिताचं पुस्तक उघडलं. वही संपली असावी. ललिताने समासातच पेन्सिलीने गणितं सोडवली होती. वर्गात चौथं प्रकरण चालू होतं. ही एकटी नवव्यापर्यंत पोचली होती.

"खोडून ठेवा," ते म्हणाले. "दुसऱ्या मुलीला देता येईल."

दुपारी सगुणाबाई खोडरबर घेऊन पायरीवर बसली. ती चौथी शिकलेली. गणितं बरोबर होती की चूक, तिला कळत नव्हतं. नवव्या प्रकरणातलं शेवटचं गणित अर्धंच राहिलं होतं. त्या पानावर ती बराच वेळ हात ठेवून होती. मग पानं उलटत मागे गेली आणि पहिल्या प्रकरणापासून खोडायला लागली.