गेली म्हणू नये

सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं गोळ्या देऊन कंपाउंडर निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात सिस्टरांच्या बालगृहात गोळ्या द्यायला लागले. बायको म्हणाली, "घरी बसला असतात तर कधीतरी माझ्याही गोळ्या विचारल्या असत्यात." लोकांनी विचारलं, धर्म बदलला की काय. बदलायला मुळात एक जवळ असावा लागतो. तो त्यांनी कॉलेजातच सोडून दिला होता.

बालगृहात सोळा मुलं. प्रत्येकाला आईबापांकडून वारशानं एचआयव्ही तेवढा आला होता. बाकीची इस्टेट काकामामांनी आधीच सांभाळायला घेतली होती. मुलांची खरी नावं मोठ्या सिस्टरांच्या कपाटात बंद असत, कारण शाळेत एकाला कळलं की शेजारचे चार बाक रिकामे होत. आत टोपणनावांवर भागे.

सकाळी सातला प्रार्थना आटोपली की जेवणघरात रांग लागे. गोळी जिभेवर, त्यावर दोन घोट पाणी, मग आ. कंपाउंडर टॉर्च मारून जिभेखाली आणि गालांत बघत, "गेली" म्हणत, वहीत खूण करत. पुढचा. ही गोळी एखादा दिवस चुकली तर निभावतं. चुकतच राहिली तर रोग तिला ओळखायला लागतो, मग ती घेतली काय नि न घेतली काय.

हे "गेली" म्हणायचं खातं दोन वर्षं मुकादमनं बळकावलं होतं. मुकादम म्हणजे अकरा वर्षांची, काडीसारखी पोरगी. स्वतःची गोळी सगळ्यांत आधी घ्यायची आणि मग मागच्या भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहायची. टॉर्च पेटायच्या आत हिचं "गेली" आलेलं असे.

"तुला तिथून काय दिसतं गं?"

"गळा हलतो ना. तुम्ही तोंडात बघता काका, मी गळा बघते."

तिला आणलंच मुळी उशिरा. औषधानं दोन वर्षं काढून दिली, मग छातीनं दगा दिला. थंडीत ती वारली. चॅपलमागे तिचा छोटासा क्रूस आहे. त्या दिवशी वहीत तिच्या रकान्यात काय लिहावं, यावर कंपाउंडर बराच वेळ अडले आणि शेवटी हाताच्या सवयीनं "गेली" लिहून मोकळे झाले. खालोखाल सगळीकडे खुणा, आणि मध्ये तो एक शब्द.

तिच्या खाटेवर कुलूप आली. आठ वर्षांची. मामा तिला फाटकाशी उभी करून "आलोच" म्हणाला आणि अजून येतोच आहे. ती बोलत नसे, म्हणून कुलूप. गोळीला मात्र शहाण्यासारखं तोंड उघडी. कंपाउंडर "गेली" म्हणत, खूण करत. सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला, तो जणू तिनं गोळी पाहिलीच नव्हती असा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही हेच असलं तर दुसरी औषधं बघावी लागतील. या वयाला ती फारशी नाहीत." फारशी नाहीत म्हणजे काय, हे कंपाउंडरांना एकतीस वर्षांत तोंडपाठ झालं होतं.

दुसऱ्या सकाळी कुलूपनं आ केला. टॉर्च मारला. जीभ स्वच्छ, गाल स्वच्छ.

"गेली," कंपाउंडर म्हणाले.

"नाही गेली."

आवाज मागच्या भिंतीपासून आला. भिंतीपाशी कोणी नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं आणि ते भिंतीवर सरळ पडलं होतं, मध्ये काही न अडकता. पोरांपैकी एकानंही मान वळवली नाही. कुलूप तेवढी तिकडे बघत होती, साधारण अकरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग तिनं मुकाट्यानं वरचा ओठ उचलला. ओठ आणि हिरडीच्या मध्ये गोळी चिकटलेली होती.

"कोण बोललं रे?" कंपाउंडरांनी विचारलं.

रांगेतला इंजिन नावाचा पोरगा म्हणाला, "मुकादम. ती रोजच सांगते काका. तुम्ही आज ऐकलंत."

मोठ्या सिस्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कंपाउंडर, तुम्ही तर काहीच मानत नाही."

"मानत नाही. पण नोकरी सरकारी होती. पाठीमागून आवाज आला की ऐकायची सवय आहे."

"असल्या गोष्टींना आमच्यात बिशपांना पत्र लिहावं लागतं. उत्तराला सहा महिने."

"आपल्याकडे दोन आहेत."

"मग नकोच लिहायला." त्यांनी चष्मा पुसला. "शिवाय ती खरं तेच सांगतेय."

दुपारी कंपाउंडर कुलूपजवळ पायरीवर बसले. रागावले नाहीत. गोळी का ठेवतेस, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टॉर्चचे सेल काढून पुसत बसले. सेल तीनदा पुसून झाल्यावर कुलूप उघडलं.

"आईनं रोज गोळी घेतली. मग सगळे म्हणाले, गेली."

कंपाउंडरांच्या हातातला सेल पायरीवरून टणटणत खाली गेला.

"तुम्हीपण म्हणता. सगळ्यांना. रोज."

किती मुलांच्या उघड्या तोंडात बघून आपण सकाळ-सकाळ हा शब्द टाकला, याचा हिशोब लागेना. "मग काय म्हणू?"

"जाते म्हणू नये. येते म्हणावं. आई दाराबाहेर पडताना म्हणायची."

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. गोळी गिळली की ज्याचं त्यानं म्हणायचं, मुलींनी "येते", मुलांनी "येतो". इंजिन म्हणाला, "कुठून?" त्याला दटावण्यात आलं. कुलूपची पाळी आली. तिनं गोळी ठेवली, पाणी घेतलं. कंपाउंडरांनी या वेळी टॉर्च लावला नाही, गळा पाहिला. गळा हलला.

"येते," कुलूप म्हणाली.

नको नको म्हणताना कंपाउंडरांची नजर भिंतीकडे गेली. भिंत काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "काय केलंत हो तुम्ही?"

"शब्द बदलला," कंपाउंडर म्हणाले. बाईंना वाटलं, हे गमतीनं बोलतात.

संध्याकाळी पोरं अंगणात होती. रिकाम्या जेवणघरात बसून कंपाउंडरांनी कुलूपच्या पानावर रिपोर्ट डकवला आणि वही मिटताना मागचं पान उघडलं, थंडीतलं. खुणांच्या मध्ये त्यांच्याच अक्षरात तो एक शब्द. भिंत दोन महिने गप्प होती. काम झालं होतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि जरासं चुकल्यासारखंही.

"गेली बिचारी," ते पुटपुटले.

"नाही गेली."

या खेपेला आवाज भिंतीपासून आला नाही. उजव्या खांद्यामागून आला, वहीत डोकावल्यासारखा, इतक्या जवळून की कान गार झाला.

कंपाउंडरांनी मागे बघितलं नाही. एकतीस वर्षांत वरिष्ठांनी चूक दाखवली की काय करायचं, हे हाताला ठाऊक होतं. पेन काढलं, शब्दावर एक सरळ रेघ मारली, आणि बाजूला तारीख घालून सही केली.