तर्जनीचं आवजो

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं, तसं भानुबेननी ठेवलं: तर्जनी. पण पुढं कित्येक वर्षं त्या पोरीनं कशाकडंही बोट म्हणून दाखवलं नाही. ना चंद्राकडं, ना चेंडूकडं. बोलणं तर लांबच. भावनगरात लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत, पण मुलीचं नाव ऐकलं की क्षणभर गप्प होतात. तिच्या आईला, दक्षाला, ते गप्प होणं आता पाठ झालं होतं.

मग विशेष मुलांच्या शाळेत कृपाबेननी तर्जनीच्या हातात टॅब दिला. पडद्यावर मोजकी, मोठाली चित्रं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब कृपाबेनच्याच आवाजात बोलायचा. पेल्यावर ठेवलं की ‘पाणी’. पुढं केलेल्या तळव्यावर ‘आपो’, म्हणजे द्या. आडव्या हातावर ‘बस’, म्हणजे पुरे. तोंड फिरवलेल्या बाहुलीवर ‘नको’. आणि हलणाऱ्या हातावर ‘आवजो’. ते शाळा सुटायच्या वेळचं, निरोपाचं. निघणाऱ्यानं आवजो म्हणायचं, दारात उभ्या असलेल्यानंही आवजोच म्हणायचं. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट, की त्यावर कुणी दुसऱ्यांदा विचार केला नाही.

तर्जनीनं पहिल्यांदा ‘पाणी’ म्हटलं तेव्हा दक्षा पेला घेऊन धावली आणि तो देता देता रडली. तर्जनी प्यायली. पुन्हा म्हणाली, पाणी. त्या संध्याकाळी पोरगी पोटाला तडस लागेस्तोवर पाणी प्यायली, आणि आई दर पेल्याला रडली. तिचा बाप प्रफुल्ल म्हणाला, “दोघींचा मिळून हिशेब सारखाच आहे. जेवढं आत तेवढं बाहेर.”

कृपाबेनचा एकच नियम होता. “ती जे म्हणेल ते लगेच व्हायला हवं, दक्षाबेन. पाणी म्हणाली की पाणी. नको म्हणाली की नको, मग तुम्ही कितीही मायेनं ताट वाढलेलं असो. शब्दाला गुण येतो हे तिला कळू दे. नाहीतर तिला वाटेल, हे नुसतं खेळणं.”

दक्षानं हा नियम व्रतासारखा पाळला, आणि त्यातच ती बुडाली.

कारण पुढच्याच आठवड्यात दक्षा कामं आवरून तर्जनीच्या शेजारी चटईवर बसायला निघाली, आणि टॅब म्हणाला, “आवजो.”

दक्षा जागच्या जागी थांबली. तर्जनीनं मान वर न करता पुन्हा बोट ठेवलं. “आवजो.”

नियम म्हणजे नियम. दक्षा मागं फिरली आणि लांब जाऊन खुर्चीत बसली. तर्जनी जमिनीवर टाचा आपटायला लागली. “आवजो, आवजो.” अजून लांब जायला पाहिजे वाटतं, म्हणून दक्षा स्वयंपाकघरात गेली. मग तर्जनीनं डोकंच आपटायला सुरुवात केली. तेव्हा दक्षानं मधलं दारही लावून घेतलं.

हे रोजचं झालं. ज्या मुलीच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून ती नवसानं पालिताण्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढली, ती मुलगी बोलायला लागली आणि काय म्हणाली, तर जा. बापाला म्हणत नव्हती. तो दिवसभर हिरे घासायच्या घंटीवर, रात्री आला की घोरायला मोकळा. त्याला निरोप द्यायचा तर आधी तो हाती लागायला हवा. दक्षानं हे शाळेत सांगितलं नाही. सांगणार काय? माझी लेक मला हाकलते, असं? आपल्या तोंडानं आपलाच पंचनामा कोण करतं.

पण घरातली गोष्ट नणंदेला कळायला कुठं वेळ लागतो.

रविवारी भानुबेन आल्या. त्यांनी चांगल्या मनानं एक जागा बघून ठेवली होती. राजकोटच्या बाजूला, विशेष मुलांची राहायची सोय असलेली संस्था. अंगण आहे, गाई आहेत, शिकवणाऱ्या बाया आहेत. एक जागा रिकामी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

“हे बघ दक्षा,” भानुबेन बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, “मी काही तुझ्याकडून पोरगी हिसकावत नाही. पण तिला माणूस जवळ नको वाटतं, हे तीच सांगतेय ना? दोन खोल्यांत तू तिला सारखी दिसतेस आणि ती तुला सारखी आवजो करते. तिचंही डोकं फुटतं, तुझंही.”

“तिला तिथं कोण ओळखणार आहे?” दक्षा आतून म्हणाली. ती पीठ मळत होती.

“आणि इथं कोणाला ओळख देते ती?”

प्रफुल्लनं स्वयंपाकघरात डोकं घातलं. राईएवढ्या हिऱ्यावरचा डाग त्याला बरोबर दिसायचा, पण बायकोचं तोंड पाठमोरं असलं की त्याचं काही चालायचं नाही.

“तू काय म्हणतेस?”

“सांगून टाका हो म्हणून,” दक्षा पिठाला म्हणाली. “तिला तिकडं बरं वाटत असेल तर बरं.”

फोन लावायचा म्हणून प्रफुल्ल चष्मा शोधायला गेला. दक्षानं तवा चढवला, पहिली रोटली टाकली, आणि मागच्या गॅलरीतून टॅबचा आवाज आला.

“आवजो.”

दक्षाला वाटलं, इथं उभी आहे तेही चालत नाही का? तिनं दारातून वाकून बघितलं. तर्जनीची तिच्याकडं पाठ होती. कठड्यावर शेजारची भुरी मांजर बसली होती. तर्जनीनं उजवा हात तिच्यापुढं धरला होता, तळव्यावर एक गाठिया. डाव्या हाताचं बोट टॅबवर.

“आवजो. आवजो.”

मांजरीनं कान हलवले. जरा पुढं झाली. तर्जनीनं हात अजून लांब केला, एवढा की खांदा थरथरायला लागला. “आवजो.” खाली कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि मांजर पलीकडच्या गच्चीवर उडी मारून पसार झाली. तर्जनी टाचा आपटायला लागली. तेच आपटणं. रोजचं.

दक्षा बघत राहिली. हातावर गाठिया ठेवून मांजरीला निरोप कोण देतं?

आवजो. म्हणजे ‘या’.

जाणाऱ्याला जा म्हणू नये म्हणून कधीकाळी कुण्या शहाण्या बाईनं ‘या’ म्हणायला सुरुवात केली असेल, पण हा शिष्टाचार तर्जनीला कुणी सांगितला होता? ती शब्दाला शब्द धरून चालणारी पोर. ‘चपला काढ’ म्हटलं की काढायची आणि ‘ठेव’ म्हणेपर्यंत हातात धरून उभी राहायची. पाहुणे दारात आवजो म्हणाले की ही त्यांच्या मागं जिन्यापर्यंत पळायची. सगळे म्हणायचे, पोरीला फिरायची हौस. हौस कसली? बोलावलं होतं, म्हणून जात होती. आणि इकडं ती आईला हाक मारत होती, तर आई दार लावून घेत होती.

“अगं माझे आई,” दक्षा म्हणाली, आणि ते कुणाला म्हटलं हे तिचं तिलाच कळलं नाही.

तर्जनी वळली. आईकडं बघितलं, म्हणजे आईच्या कोपराकडं. डोळ्यांत ती बघत नसे. मग बोट ठेवलं. “आवजो.”

सवयीनं दक्षाचे पाय मागं वळले. तिनं ते आवरले आणि एक पाऊल पुढं टाकलं. तर्जनीच्या टाचा थांबल्या.

“आवजो.”

अजून एक पाऊल. “आवजो.” दक्षा खाली बसली, पिठाच्या हातांसकट, गुडघ्याला गुडघा लावून. तर्जनीनं चित्रांवरून बोट फिरवलं आणि आडव्या हातावर आणून थांबवलं.

“बस.”

पुरे म्हणजे आता उठायचं का? पण तर्जनीनं तिला ढकललं नाही. ती पाठ टेकून आईला रेलली, तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि उरलेला गाठिया स्वतःच खाऊन टाकला. पुरे म्हणजे पुरेच. एवढं हवं होतं, तेवढं मिळालं.

आत रोटलीचा कोळसा झाला होता. वासानं भानुबेन आल्या, मागोमाग एका हातात चष्मा आणि दुसऱ्यात फोन घेतलेला प्रफुल्ल.

“काय झालं? रडतेस कशाला? चावली का?”

“ती मला ‘या’ म्हणते,” दक्षा हसत होती आणि नाक पुसत होती, त्यानं नाकाला पीठ लागलं. “बेन, ती ‘या’ म्हणते हो! आवजो म्हणजे या!”

भानुबेन तोंड उघडून उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःच दोनदा पुटपुटून बघितलं, “आवजो... आवजो...” आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या. “घ्या! पन्नाशी उलटली माझी हे बोलण्यात, आणि कळलं आज.”

“आईला मानानं बोलवतेय,” प्रफुल्ल म्हणाला. त्यानं आवाज मुद्दाम चढवला. “अहो-जाहो! मला कधी नुसतं ‘ये’सुद्धा नाही.”

“तू घरात असतोस कधी? आणि तो फोन दे इकडं,” भानुबेननी हात पुढं केला. “राजकोटवाल्यांना मीच सांगते. जागा दुसऱ्या कुणाला तरी होईल.”

त्यांचं बोलून झाल्यावर दक्षानं त्याच फोनवरून कृपाबेनना सगळं सांगितलं. पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“कृपाबेन? आहात ना?”

“तो आमच्या वर्गातला जिगर,” कृपाबेन सावकाश म्हणाल्या. “मी बाकावर बसले की मला आवजो करतो. मी म्हणते, बरं बाबा, जाते. आणि जाऊन लांब बसते. मग तो वह्या फेकतो.” पलीकडं किल्ल्या वाजल्या. “दक्षाबेन, मी आत्ता त्याच्या घरी जाऊन येऊ का?”

“आज रविवार आहे, बेन.”

“असू दे रविवार. उद्या ‘ये’चं वेगळं चित्र टाकते टॅबमध्ये.”

“टाका. पण हे काढू नका.”

फोन ठेवून दक्षा चुलीशी आली. नवी रोटली जेमतेम फुगली असेल नसेल, तोच गॅलरीतून आवाज आला, “आवजो.” दक्षा गेली. “बस.” परत आली. लाटणं हातात घेतलं. “आवजो.” गेली. बाहेर भानुबेन पदरात तोंड लपवून हसत होत्या.

“अगं, रोटल्या!” प्रफुल्ल ओरडला. “मला नाही येत हे!”

“शिका,” दक्षा गॅलरीतून म्हणाली.