गोळ्या राखणारा तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. भोपळ्याच्याच जातीचा, भाजीत गेलो नाही म्हणून वाचलो. मोलगीजवळच्या पाड्यावर नानीबाईने मला वेलावर वाळू दिलं, खडे घालून आतून खरवडलं आणि दोरी बांधून नवऱ्याच्या, उदेसिंगच्या खांद्याला अडकवलं.

मित्रांनो, उदेसिंग गाणारा माणूस. देवांची कथा तो दिवस मावळताना धरायचा, ती उजाडेपर्यंत सोडायचा नाही. मी पाणी घेऊन शेजारी बसायचो, पण त्याला माझी आठवणही होत नसे. लोक म्हणत, ह्याच्या तोंडात झराच आहे. मला थोडा रागच यायचा. पुढे प्लॅस्टिकची बाटली आली आणि माझ्यात राखेत घोळलेलं बियाणं राहू लागलं. पेरणीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. मला रिकामं करून, वाटेसाठी पाणी भरून, दोघं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे रोज किरणांचा शेक होता. पाणी संपलं तसा मी कोरडाच खाटेखाली पडलो.

नर्स नूतन ब्राह्मणपुरीची. तिच्या गावी कापणीला जाऊन जाऊन उदेसिंगला अहिराणी कळायची. ती म्हणाली, "बाबा, शेकमुळे थुंकीना झरा सुकी जास. ही गोळी रोज शेकना आधी ले. समदं वाची असं नही, पण काही वाची."

उदेसिंगने मान हलवली. ती गेल्यावर नानीबाईला आपल्या बोलीत म्हणाला, तोंड तर अजून ओलं आहे, सुकेल तेव्हा घेऊ. नानीबाईलाही ते पटलं. जपून ठेवलेलं वेळेला उपयोगी पडतं, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. रोज एक गोळी माझ्या पोटात पडू लागली. मला सगळं कळत होतं. पण तुंबा सांगणार कसा आणि कोणाला?

गाठ गेली. घरी आल्यावर तोंड सुकलं, भाकरी घशाखाली उतरेना. तेव्हा त्याने माझं बूच काढलं आणि मोठ्या विश्वासाने गोळ्या सुरू केल्या. फरक पडला नाही. पुढच्या खेपेला नानीबाईने उरलेल्या गोळ्या नूतनच्या हातावर ओतल्या. तिने त्या एकेक करून मोजल्या.

"ह्या आधी लेवान्या व्हत्यात, बाबा. थोडं तरी वाची जातं, कदाचित."

त्या 'कदाचित'नंतर नानीबाईने त्या गोळ्या पुन्हा माझ्यात ठेवल्या नाहीत.

मित्रांनो, बियाणं जरूर राखा. पण औषध कधी घ्यायचं, हे पुरतं समजेपर्यंत विचारत जा. आणि सांगणाऱ्यांनो, समजेपर्यंत सांगत जा.

यंदा पाड्यावर पुन्हा कथा मांडली. उदेसिंग बसला, लोक बसले. आता मी काठोकाठ भरलेला असतो आणि त्याला एका ओळीमागे माझा एक घोट लागतो. कथा उजाडेपर्यंतची आहे, मित्रांनो, आणि मी लहानसा तुंबा आहे.