बाबाची पानं

वरच्या मजल्यावरच्या शीतलचं बरं होतं. रविवारी दुपारी नवरा पोरांना खेळवायचा आणि बाईसाहेब खुशाल ताणून द्यायच्या. बोरिवलीच्या त्याच इमारतीत मानसीला मात्र ती चैन नव्हती. तिचा सिद्धेश जाऊन दोन वर्षं झाली होती. आठवडाभर नोकरी आणि रविवारी नऊ वर्षांची अपूर्वा. आई काय मशीन आहे? पण म्हणायचं कुणाला!

दुपारी मायलेकी बदाम सात खेळायच्या. दोघींच्या डावात मजा नाही, समोरच्याची पानं आपोआप कळतात. म्हणून मानसीनेच एकदा तिसरी पानं वाटली. "ही बाबाची." ती उघडी मांडायची आणि बसेल ते पान लावायचं. कितीतरी दिवसांनी पोर हसली, तशी मानसी स्वतःच्याच हुशारीवर खूश झाली. नको ती हुशारी!

एका रविवारी "जरा पडते गं" म्हणून ती आतल्या खोलीत आडवी झाली. जाग आली ती हसण्याने.

"बाबा, इस्पिकची सत्ती किती अडवून ठेवशील रे!"

ही खोड सिद्धेशचीच. मानसी धडपडत बाहेर आली. चटईवर तिसरी पानं पालथी होती आणि डावखुऱ्याने धरावीत तशी उलटी पसरलेली. सिद्धेश डावखुरा होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर दोन वर्षांत तिला इतकी गाढ झोप लागली नव्हती.

पुढचे काही रविवार ती निमूट आत जाऊन झोपली. लाज वाटायची, तरी झोपायची. मग अपूर्वा शाळेतलं काही सांगेनाशी झाली. विचारलं तर म्हणे, "बाबाला सांगितलंय ना." लेक हातची चाललीय, हे मानसीला तेव्हा कळलं.

त्या रविवारी ती चटईवरून हललीच नाही. तिसरी पानं नुसती पडून राहिली. अपूर्वाचे डोळे भरून आले.

"तू जागी असलीस की तो येत नाही. झोप ना गं, आई."

"चल, दोघी झोपू," म्हणत मानसीने तिला आत नेलं, कुशीत घेतलं आणि झोपेचं सोंग करून डोळे मिटले. थोड्या वेळाने अपूर्वा कुशीतून हळूच सरकली आणि मग मागून कुणीतरी मानसीची पाठ थोपटू लागलं. किती दिवसांत तिला असं कुणी थोपटलं नव्हतं! तिला रडूच आलं.

तेवढ्यात बाहेरून, चटईवरून, अपूर्वाचा आवाज आला, "बाबा, झोपली का रे ती? ये ना लवकर."

पाठीवरचा हात थांबला नाही. मानसी भीतीने गोठून गेली होती, आणि तरीही तिला झोप येत होती.