हात लावायच्या आधी

“आधी तिचा श्वास धर, पोरी. मंग कातर लाव.”

राजाबाईच्या कानात राहिलेला हा आवाज तिच्या बापाचा, मुंजाबाचा. ती तेव्हा सात वर्षांची होती. नदीत धुऊन आणलेली मेंढी वाळूवर आडवी, मेंढीची मान पोरीच्या मांडीवर, आणि वरून बापाचा तो घाई नसलेला आवाज. श्वास आत गेला की मेंढीची कूस फुगते. तेवढ्यात कातर थांबवायची. श्वास बाहेर आला की कूस खाली बसते. तेव्हा एक चाल पुढं. असं थांबत, चालत, एका श्वासामागं एक, काळी लोकर सबंध घोंगडीसारखी उतरून यायची आणि खालच्या कातडीवर लाल रेघसुद्धा उठायची नाही.

बाप जाऊन बारा वर्षं झाली. तो आवाज पुन्हा ऐकू आला तो शहरात, क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, शासकीय प्रशिक्षण केंद्राच्या पहिल्या मजल्यावर. राजाबाईनं पहिल्यांदा माणसाच्या केसांना कातर लावली तेव्हा.

तिथवर पोचायलाच पाच महिने लागले होते. नियमच तसा. आधी डमीचं डोकं. रबरी मान, नायलॉनचे केस, डोळे कायम उघडे. त्याच्यावर ठरलेले तास भरल्याशिवाय माणसाला बोट लावायचं नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसायचं नाही. प्रत्येक तासाचं काम वहीत लिहायचं, खाली शिकवणाऱ्या द्वारका मॅडमची सही. मॅडम शेतकऱ्याच्या घरातल्या, लासूरकडच्या, आवाजानं करड्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांकडून एक ओळ लिहून घेतली होती. हात लावायच्या आधी समोरच्या बाईला सांगायचं, तुम्ही कोण, काय शिकता, काय करणार. आणि तिचा होकार घ्यायचा.

“आणि न्हाई म्हणली तर?” आशाबाईनं विचारलं होतं. आशाबाई तिच्याच वर्गातली, चौकातल्याच शिंप्याच्या दुकानावर वाढलेली, जिभेला हाड नसलेली.

“तर हात धुऊन घरी जायचं,” मॅडम म्हणाल्या.

राजाबाईला त्या केंद्रातलं सगळंच नवलाचं वाटायचं. भिंतीवर कातडीचा तक्ता होता. एका केसाच्या मुळाशी केवढी वस्ती: रक्ताच्या बारीक वाटा, तेलाची इवली थैली, आणि केसाला उभं करणारा एक सूतभर स्नायू. थंडी वाजली की तोच ओढतो म्हणे. मॅडमनी सांगितलं, वरची कातडी महिनाभरात झडते आणि खालून नवी वर येते. राजाबाई कितीतरी वेळ स्वतःच्या मनगटाकडं बघत राहिली.

“म्हंजी बाई, मागच्या महिन्यातली मी आता न्हाईच?”

“हाय की,” आशाबाई म्हणाली. “एस्टीचा पास मागच्या महिन्यातलीनं काढलाय, आणि त्यावर आजबी तूच फिरतीयास.”

वर्ग हसला. राजाबाईही हसली. पण संध्याकाळी दौलताबादच्या बसमध्ये, किल्ल्याचा डोंगर खिडकीत मोठा होत जाताना, तिला वाटत राहिलं की आपल्या अंगावर रोज कुणीतरी इतकं मन लावून काम करतंय, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

हे घरी सांगायची मात्र सोय नव्हती. नवरा सोनाजी दिवाळीपासून मेंढरं घेऊन लांब चारायला गेलेला. घरात ती आणि सासू म्हाळसाबाई. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर प्रशिक्षणाचा कागद लागला तेव्हा फॉर्मवर दोन रकाने होते: शिवणकाम, आणि केस व त्वचेची निगा. राजाबाईनं खूण केली दुसऱ्यावर. सांगितलं पहिलं. कारण त्याच आठवड्यात गावातल्या एका पोरीनं लासूर स्टेशनला पार्लरात काम धरलं होतं, आणि म्हाळसाबाई चुलीपुढं बसून म्हणाली होती, “आपल्यात हात मेंढराला लावायचा. लोकांच्या डोक्या-तोंडाला न्हाई.”

मग वर्षभर शिलाईच चालली. “झंपर कवा दावशील गं शिवून?” म्हाळसाबाई विचारायची. शेवटी आशाबाईनं आपल्या मशीनवर एक हिरवा झंपर शिवून दिला. म्हाळसाबाईनं तो उलटासुलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. “बरा हाय,” म्हणाली. “पर काखंत आवळतोय. तुझा हात असा आवळून न्हाई धरत कशालाबी.” राजाबाई पाण्याची घागर घेऊन बाहेर गेली.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरगावच्या परीक्षक बाई येणार होत्या, आणि प्रत्येकीनं स्वतःचं मॉडेल आणायचं होतं. मॉडेल म्हणजे जिच्यावर काम करून दाखवायचं अशी बाई: केंद्रात न शिकणारी, तब्येतीनं ठीक. मॉडेल नसेल तर गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे सगळं वर्ष पुन्हा. पुन्हा एक वर्ष शिलाईचं सोंग राजाबाईला निभणार नव्हतं. सोनाजीही आता परतला होता. आशाबाईच्या शेजारच्या वच्छलाबाईनं येते म्हणून कबूल केलं होतं.

त्या दिवशी म्हाळसाबाईही तिच्याच बसनं शहरात आली. नव्या एडक्याच्या गळ्यात घंटा बांधायची होती, ती गुलमंडीच्या बाजारातूनच घ्यायची असा तिचा हट्ट. “तुझा वर्ग सुटंस्तवर मी चौकातल्या थांब्यावर बसते,” म्हणाली.

साडेदहाला आशाबाई धापा टाकत वर आली. “वच्छलाबाई तापानं फणफणलीय गं. उठंना.”

“मंग?”

“मंग काय. अकराला सुरू. वळखीचं कोण हाय का तुझं शहरात?”

राजाबाईला या एवढ्या शहरात ओळखीचं एकच माणूस होतं. ते थांब्यावर बसलं होतं.

ती जिना उतरली. म्हाळसाबाई थांब्याच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर घंटा. रिक्षांच्या गर्दीकडं ती अशी बघत होती, जणू कुणाची तरी मेंढरं वाट चुकून रस्त्यावर आलीत.

“आत्या, चला. माझं काम अडलंय.”

“वर्गात?”

“व्हय.”

म्हाळसाबाईनं चपला पायात घातल्या. एवढंच.

वरच्या मजल्यावर भिंतभर आरसे. म्हाळसाबाईनं एकदा सगळीकडं नजर फिरवली. “मशिनी कुठं दिसनात,” ती म्हणाली. राजाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं करून तिला खुर्चीत बसवलं. आशाबाईनं कानाशी येऊन होकाराचा कागद दिला. “वाचत नको बसू. बाईला वाचाया येत न्हाई ना? अंगठा घे आणि लाग कामाला.”

“सरकारी कागद हाय, आत्या,” राजाबाई म्हणाली. म्हाळसाबाईनं शाईत अंगठा बुडवला. तिनं विचारलं नाही, कसला. राजाबाईचीच मान खाली गेली.

काय करून दाखवायचं त्याची चिठ्ठी निघाली: चेहऱ्याचा मसाज.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत राजाबाईनं सासूचे पाय किती वेळा धरले असतील. पण तोंडाला हात? तो सुनेनं कधी लावायचाच नसतो. तिनं पदर मागं घेतला, डोक्याला पांढरी पट्टी बांधली, खुर्ची मागं कलवली. कापसानं पुसलं. पहिला कापूस मातीच्या रंगाचा झाला, दुसरा कमी, तिसरा पांढरा निघाला. मग बोटांना क्रीम लावून तिनं दोन्ही तळवे सासूच्या गालांवर ठेवले.

म्हाळसाबाई दचकली. सगळा चेहरा आवळला गेला, हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट.

आणि बापाचा आवाज आला. राजाबाई थांबली. तळवे तसेच ठेवून, नुसती थांबली. श्वास आत गेला. श्वास बाहेर आला. त्या बाहेर येणाऱ्या श्वासाबरोबर तिची बोटं हनुवटीवरून गालाकडं एक चाल वर सरकली.

“थांबलात का?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“त्यांच्या श्वासाची वाट बघत हाय, मॅडम.”

“हे कुठं शिकवलं?”

“मेंढरावर,” राजाबाई म्हणाली, आणि पुढच्या श्वासाला पुढची चाल.

हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. भुवईजवळ जुना वण, एडक्याच्या शिंगाचा असावा. जबड्याच्या सांध्यात ताण असा बसलेला, जसा दोरीत पीळ. तिथं बोटं गोल फिरवत ती पुष्कळ वेळ राहिली. हळूहळू तो पीळ सुटला. खालचा ओठ सैल पडला. मग कपाळ उकललं, मग डोळ्यांच्या कडा. आणि राजाबाईचे हात आपोआप थांबले.

डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या उघडल्या होत्या. साठ वर्षं उन्हाकडं डोळे बारीक करून चाललेली बाई; त्या मिटलेल्या घड्यांत ऊन कधी शिरलंच नव्हतं. घडी उकलली तशी आतली कातडी दिसली, फिकट, नितळ, लहान पोरीची असावी तशी. काळ्या चेहऱ्यावर डोळ्यांपासून निघालेली ती पाच-पाच उजळ किरणं. आठ वर्षं ती या तोंडासमोर जेवली होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. म्हाळसाबाईलाही ठाऊक नसणार. राजाबाईच्या मनात ओळी आपसूक जुळत गेल्या, दळताना जुळतात तशा:

ऊन गं ऊन झालं, आत्याच्या तोंडावरी
सावली लपविली, तिनं डोळ्याच्या कडेवरी

तिला देवळात शिरल्यासारखं झालं. बोटांना आता घाई करताच येईना. परीक्षक बाई लिहायच्या थांबून जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. वरचा पंखा तेवढा फिरत होता.

वेळ संपली. राजाबाईनं ओल्या टॉवेलनं चेहरा टिपला, खुर्ची सरळ केली, पदर पुन्हा डोक्यावर दिला. परीक्षक बाईंनी होकाराचा कागद उचलला. शेवटचा रकाना मॉडेलला विचारून भरायचा होता; तिथं ‘नाही’ आलं तर नापास.

“आजी, हात लावायच्या आधी हिनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं का? ही काय शिकते, तुमच्यावर काय करणार, ते?”

शेजारच्या खुर्चीमागून आशाबाई बघू लागली. द्वारका मॅडम दारात उभ्या होत्या. म्हाळसाबाई आरशातल्या स्वतःकडं बघत होती. मग आरशातूनच तिनं सुनेकडं पाहिलं, सावकाश, जशी नव्या रानात मेंढरांसाठी वाटा हेरते तशी.

“व्हय,” ती म्हणाली. “समदं सांगितलं. वरीसभर हेच तर ऐकतेय. घरात दुसरं बोलणंच न्हाई.”

परीक्षक बाई हसल्या आणि पेन कागदाला लावलं.

राजाबाईच्या हातात ओला टॉवेल होता. लोकर ओली, वजनाला जड असली तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगून टाकणारी ही बाई. तिच्या तोंडून, आत्ताच आपण हातात धरलेल्या त्या तोंडून, खोटं निघालं होतं. आणि ते आपल्यासाठी होतं. पेनानं रकान्यात खूण केली की संपलं. पास होऊन चारच्या बसनं घरी. राजाबाईला ते सोसवेना.

“मॅडम, थांबा. लिहू नका.”

“राजे,” आशाबाई दबक्या आवाजात म्हणाली, “गप की.”

राजाबाई खुर्चीच्या पुढं आली आणि सासूसमोर खाली बसली. पायांना हात लावला नाही. वर तोंडाकडं बघितलं.

“आत्या, म्या काईच सांगितलं नव्हतं. अंगठा बी फसवून घेतला. मी शिलाई शिकलेच न्हाई. तो हिरवा झंपर आशाबाईनं शिवलेला. फॉर्मवर म्या हेच निवडलं होतं, पैल्या दिशी, आणि तुमी नको म्हणाल म्हणून वरीसभर खोटं बोलले.” तिचा श्वास अडला, तो सुटेपर्यंत ती थांबली. “पर मला हेच करायचंय, आत्या. मला जल्मभर मानसांची तोंडं हातात घ्यायचीत.”