पीठ न थांबवता

शिरूर अनंतपाळच्या बाहेर संगमेश्वरचा सोयाबीनच्या पिठाचा कारखाना होता. सोयाबीन भाजायचं, त्याचं टरफल काढायचं, दळायचं, चाळायचं आणि पोती भरायची, एवढंच काम. पण ते काम त्याचे वडील ईश्वरप्पा यांनी नावारूपाला आणलं होतं. बिस्किटवाले, फरसाणवाले माल नेत. शिवाय दर तिसऱ्या दिवशी एक टेम्पो हदगावला जाई. तिथं तनुजाताईंच्या बचत गटातल्या बाया या पिठात गहू, मूग आणि गूळ मिसळून अंगणवाडीतल्या लेकरांसाठी खाऊ करत.

यंदा त्या गटाकडे आणखी गावं आली आणि जुनी भट्टी कमी पडायला लागली. संगमेश्वरनं शेजारी नवी शेड बांधली, दुप्पट मोठी भट्टी आणून बसवली. आता दोन्ही शेडमधली भिंत पाडून नवी भट्टी जुन्या चाळण्यांना जोडायची, तेवढंच राहिलं होतं. ठेकेदार म्हणाला, वीस दिवस कारखाना बंद ठेवा, म्हणजे मी मोकळेपणानं काम करतो.

वीस दिवस म्हणजे लेकरांचा खाऊ बंद. संगमेश्वरला ते पटेना. त्यानं स्वतःच बसून आखणी केली. सकाळी सहा ते दोन पीठ चालेल, दोननंतर भिंत पाडायची, संध्याकाळी सगळं धुऊन पुसून घ्यायचं. मध्ये जाड ताडपत्रीचा दुहेरी पडदा. कामगारांनी कुरकुर केली नाही. उलट भट्टीवरचा बसवंत म्हणाला, ‘‘मालक, चालू ठिवा. आमी संभाळून घेतो.’’

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. नवव्या दिवशी हदगावचा टेम्पो भरून उभा होता. ड्रायव्हर गाडी सुरू करणार, तेवढ्यात चाळणीवरची विठाबाई आडवी आली. साठीला टेकलेली, हदगावकडचीच लेक, लग्न होऊन इकडं आलेली. कारखाना उघडल्यापासून ती चाळणीवर होती आणि सगळे तिला मावशी म्हणत. हातात चिमूटभर पीठ धरून ती म्हणाली, ‘‘गाडी सोडू नका. पीठ कचकच करून राहिलंय.’’

संगमेश्वरनं चिमूट जिभेवर ठेवली. त्याला काही कळलं नाही. सकाळीच नमुना तपासून झाला होता, त्यात काही निघालं नव्हतं. तिकडं हदगावला बाया वाट बघत असणार. तो जरा चढ्या आवाजातच बोलला, की मावशी, तुम्हाला भास होतोय, आधीच उशीर झालाय.

विठाबाई हलली नाही. आवाजही चढवला नाही. ‘‘मालक, ह्ये लेकरायच्या तोंडात जाणार हाय. मला नोकरीवरून काढा, पर गाडी न्हाई जाऊ देणार.’’

मग तिनंच काचेच्या ग्लासात पाणी आणलं, त्यात मूठभर पीठ ढवळलं आणि ग्लास टेम्पोच्या फळीवर ठेवला. सगळे भोवती उभे राहिले. थोड्या वेळानं तिनं वरचं दुधाळ पाणी अलगद ओतून टाकलं. ग्लासाच्या तळाशी बोटाच्या टोकावर मावेल एवढी करडी भुकटी उरली होती. भिंतीची वाळू.

वाळू आली कुठून, हे शोधायला फार वेळ लागला नाही. भाजलेलं सोयाबीन गार करणारा पंखा हवा ओढायचा, त्याचं तोंड पडद्याच्या पलीकडं, पाडलेल्या भिंतीच्या धुरळ्यात उघडत होतं. ते तिकडं वळवायला आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःच सांगितलं होतं, जागा व्हावी म्हणून. कुणाला बोल लावायला जागाच नव्हती.

त्यानं टेम्पो रिकामा करायला लावला. तो सगळा माल बाजूला काढून फेकायचा ठरवला. मग फोन उचलून तनुजाताईंना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, की दोन दिवसांचं पीठ शिल्लक आहे, तोवर आम्ही गहू-मूग भाजून ठेवतो. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, न सांगता आलं असतं तर आम्ही लेकरांच्या आयांना काय तोंड दाखवलं असतं?

दोन दिवस. पण पंख्याचं तोंड फिरवून सगळी यंत्रं उघडून धुवायलाच तीन दिवस लागणार होते. तोवर पीठ दुसरीकडं काढून घ्यायचं, तर अशी भट्टी आणि चाळणी जवळपास एकाच माणसाकडं होती, उदगीरचे महादेवप्पा. ते एकेकाळी ईश्वरप्पांचे भागीदार. पुढं कशावरून तरी फाटलं, वेगळे झाले. ईश्वरप्पा गेले तेव्हा ते येऊन उभे राहिले होते, पण त्यानंतर बोलणं असं नव्हतंच. संगमेश्वरनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

‘‘नमस्कार काका. संगमेश्वर बोलतोय, ईश्वरप्पांचा.’’

त्यानं सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. महादेवप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘वाळू कुणी पकडली?’’

‘‘आमच्या विठामावशीनं.’’

‘‘तिला घिऊनच ये. माझी भट्टी दुपारनंतर मोकळी असते. तुझं सोयाबीन, तुझी माणसं. चाळणीवर तीच बसंल.’’

तीन दिवस रोज दुपारी बसवंत, विठाबाई आणि आणखी चौघं उदगीरला जात राहिले. महादेवप्पांच्या घरून सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची. हदगावचा एकही दिवस चुकला नाही. इकडं पंख्याचं तोंड मागच्या मोकळ्या बाजूला गेलं, यंत्रं धुऊन निघाली, भिंत पुरती पडली. चोविसाव्या दिवशी नवी भट्टी जुन्या चाळण्यांना जोडली गेली. त्याच सकाळी संगमेश्वरनं सगळ्यांना सांगून टाकलं, की यापुढं विठामावशी हो म्हणेपर्यंत एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, मालकानं सांगितलं तरी. विठाबाईनं पदर सावरला आणि चाळणीकडं निघून गेली. तिला असल्या बोलण्याची सवय नव्हती.

पुढच्या सोमवारी संगमेश्वर तिला घेऊन उदगीरला गेला. आभार मानायचं फार घोळवलं होतं मनात, पण तो नुसताच महादेवप्पांच्या पायाशी वाकला. म्हाताऱ्यानं त्याला उठवलं, बाजेवर बसवलं.

‘‘तुझा बाप असता तर त्यानंबी मलाच फोन केला असता,’’ ते म्हणाले. ‘‘आमी उगं वर्सं घालवली.’’

मग चहा आला. विठाबाईनं बशीत ओतून तो प्यायला आणि महादेवप्पांच्या चाळणीची जाळी एका कोपऱ्यात सैल झाली असल्याचं त्यांना सांगितलं. ते हसले आणि माणसाला हाक मारून ती लगेच बघायला लावली.

‘‘पुढच्या साली मलाबी शेड वाढवायचीय,’’ निघताना ते संगमेश्वरला म्हणाले. ‘‘काम बंद ठिवणार न्हाई. तुझी भट्टी दुपारची मोकळी असती का?’’

‘‘असंल काका,’’ संगमेश्वर म्हणाला. ‘‘मोकळी ठेवीन.’’