अभिमान, कुठल्या घरचा?

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव अभिमान. मित्रांनो, तुमच्या घरी मी छाती पुढे काढून वावरतो, म्हणून तुम्ही मला तेवढाच ओळखता. माझी आई संस्कृत. तिने मला 'अभि' आणि 'मन्' या दोन धाग्यांतून विणलं. कुणाकडे तरी मन वळणं, असा काहीसा माझा पिंड. पुढे ज्या घरी गेलो, त्या घरचा झालो. तेलुगू घरात मी माया झालो. बंगाली घरात मात्र रुसवा झालो. तोही परक्यावरचा नव्हे, फक्त जिवाच्या माणसावरचा.

माझे सुखाचे दिवस गेले ते खरगपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. निहारबाला दत्त आणि नरसम्मा या शेजारणींचा तिथे एकच व्हरांडा होता. निहारदीदी बंगाली, तर नरसम्मा श्रीकाकुळमची, तेलुगू. बंगाली बोलायची तिची युक्ती सोपी होती: तेलुगू शब्दाचं शेपूट कापायचं. पुस्तकम्‌चं पुस्तक, कष्टम्‌चं कष्ट. बहुतेक वेळा निभावून जायचं.

"शेपूट कापलं म्हणून म्हशीची गाय होत नाही गं," असं निहारदीदी चिडवायच्या, आणि दोघी एकाच वाडग्यातले मुरमुरे खात हसायच्या.

मग नरसम्माचा नवरा निवृत्त झाला. सामान बांधून झाल्यावर तिने कैरीच्या लोणच्याची बरणी निहारदीदींच्या हातात ठेवली. तुमच्यावर माझी फार माया आहे, असं तिला म्हणायचं होतं. सवयीने तिने माझं शेपूट कापलं, अभिमानम्‌चं अभिमान केलं.

"दीदी, तुमच्यावर माझा फार अभिमान आहे."

निहारदीदींचा चेहरा उतरला. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की ही आपल्यावर रुसली आहे. त्या बरणी घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. नरसम्मा रिकाम्या हातांनी तशीच उभी राहिली. माझा तर जीव अर्धा झाला. इतक्या वर्षांचं मैत्र माझ्यापायी तुटत होतं, आणि शब्दाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या वेळी निहारदीदी नारळाच्या लाडवांचा डबा घेऊन फलाटावर आल्या.

"रुसायचं होतं तर आधी रुसायचंस. माझं काय चुकलं, ते जाता जाता तरी सांग."

"रुसलंय कोण? अहो, आमच्यात अभिमान म्हणजे माया."

निहारदीदींनी कपाळावर हात मारला. "मेले, रात्रभर मी माझी पापं आठवत बसले. गेल्या दुर्गापूजेला तुला टाकून बोलले होते, तेसुद्धा आठवलं."

"ते मी कधीच विसरले."

शिट्टी झाली. निहारदीदींनी डबा खिडकीतून आत दिला.

"आता मात्र माझा अभिमान आहे तुझ्यावर. चाललीस ना."

"हा कुठला, दीदी? तुमच्यातला की आमच्यातला?"

"दोन्ही," निहारदीदी म्हणाल्या, आणि गाडी हलली.

मित्रांनो, परक्या तोंडून ओळखीचा शब्द आला, तर दार लावण्याआधी त्याला एकदा विचारा, बाबा रे, तू कुठल्या घरचा?

मी अजून त्या व्हरांड्यातच असतो. शेजारी नवं कुटुंब आलं आहे. निहारदीदी त्यांच्याशी गोड बोलतात, पण मला काही बाहेर काढत नाहीत. रुसायलाही आपलं माणूस लागतं.